विश्लेषण : चेष्टा करणारे प्रेमगीत! ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ आठ दशकांनंतरही जुने का होत नाही?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की गुलाब, चॉकलेट आणि हृदयाच्या आकाराचे फुगे यांच्या जोडीला एक जुने इंग्रजी गाणे हमखास कानावर पडू लागते. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’. कॅफेमध्ये, हॉटेलच्या लॉबीत, मोबाइलवरच्या प्रेमगीतांच्या यादीत. या गाण्यात चंद्र नाही, चांदणे नाही, प्रिय व्यक्तीच्या सौंदर्याची तारीफ तर मुळीच नाही. उलट जिच्यावर प्रेम आहे तिच्या चेहऱ्याची, बांध्याची, एवढेच काय बुद्धीचीही चेष्टा आहे. तरीही १९३७ मध्ये एका नाटकासाठी लिहिले गेलेले हे गाणे शेकडो गायक-वादकांनी ध्वनिमुद्रित केले आणि जगभरच्या जॅझ वादकांना ते आजही तोंडपाठ असते. हे कसे घडले?

गाणे कोणत्या नाटकातले?

‘बेब्ज इन आर्म्स’ हे संगीत नाटक १४ एप्रिल १९३७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवर शुबर्ट थिएटरमध्ये सुरू झाले. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, गीते लोरेन्झ हार्ट यांची. नाटकाची संहिताही या दोघांनीच लिहिली होती. अमेरिका तेव्हा महामंदीतून पुरती सावरलेली नव्हती. बोलपट आणि रेडिओ आल्यामुळे ‘व्हॉडव्हिल’ म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा विविधरंगी करमणुकीच्या कार्यक्रमांवर जगणाऱ्या कलावंतांचे दिवस फिरले होते.

नाटक आहे अशाच कलावंतांच्या मुलांचे. आईवडील पोटासाठी दौऱ्यावर जातात. मागे राहिलेल्या मुलांची रवानगी शेतावरच्या सक्तीच्या कामाला होण्याची वेळ येते. ती टाळण्यासाठी ही पोरे स्वत:च एक कार्यक्रम बसवतात. ‘चला, आपणच नाटक करू’ हे सूत्र पुढे असंख्य चित्रपटांनी वापरले. नृत्यदिग्दर्शन जॉर्ज बॅलन्चिन यांचे होते आणि बहुतेक कलाकार कोवळ्या वयाचे. नाटकाचे २८९ प्रयोग झाले.

‘माय फनी व्हॅलेंटाइन’ गाणारी बिली स्मिथ ही या नाटकाची नायिका. तिचे काम करणारी मिट्झी ग्रीन तेव्हा अवघ्या १६ वर्षांची होती. थोडक्यात, पुढे धुराने भरलेल्या नाइट क्लबमधले, मध्यरात्रीचे, थकल्या-भागल्या प्रौढांचे गाणे म्हणून जे ओळखले गेले, ते मुळात एका शाळकरी वयाच्या मुलीच्या तोंडी होते.

यातला ‘व्हॅलेंटाइन’ नेमका कोण?

पहिला अर्थ अगदी साधा. नाटकातल्या नायकाचे नावच व्हॅलेंटाइन आहे. सगळे त्याला व्हॅल म्हणतात. दुसरा अर्थ, इंग्रजीत ‘व्हॅलेंटाइन’ म्हणजे १४ फेब्रुवारीला पाठवले जाणारे शुभेच्छापत्र. आणि तिसरा, ते ज्याला पाठवले जाते ती प्रिय व्यक्ती. हार्ट यांनी एका नावात तिन्ही अर्थ गुंफले.

यात आणखी एक धागा आहे आणि तो आज बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन प्रकारची व्हॅलेंटाइन पत्रे मिळत. एक नाजूक, लेस लावलेली, गोडगोड मजकुराची. दुसरी स्वस्तातली, व्यंगचित्रांची. त्यांना ‘कॉमिक व्हॅलेंटाइन’ किंवा ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ म्हणत. मोठे नाक, टक्कल, लठ्ठपणा, कंजूषपणा अशा कशाची तरी खिल्ली उडवणारे चित्र आणि खाली चार झोंबऱ्या ओळी. ही पत्रे बहुधा निनावी पाठवली जात. ज्याला ती मिळत त्याचा दिवस वाईट जाई.

हार्ट यांनी या दोन्ही पत्रांची सांगड घातली. व्यंगचित्राच्या पत्रातली चेष्टा घेतली आणि तिच्यामागे लेसच्या पत्रातली माया ठेवली. पत्र तेच, चेष्टा तीच, पण पाठवणारी व्यक्ती निनावी नाही. ती समोर उभी आहे आणि तिला हा माणूस हवा आहे. गाण्याची सगळी गंमत या एका बदलात आहे.

शब्द लिहिणारे हार्ट कोण होते?

लोरेन्झ हार्ट यांचा जन्म १८९५ चा, न्यूयॉर्कचा. १९१९ मध्ये त्यांची रॉजर्स यांच्याशी गाठ पडली तेव्हा रॉजर्स १६ वर्षांचे होते. सुरुवातीची वर्षे खडतर गेली. १९२५ मध्ये ‘मॅनहॅटन’ या गाण्याने दोघांना नाव मिळवून दिले आणि त्यानंतर जवळपास दोन दशके ही जोडी ब्रॉडवेवर गाजत राहिली. ‘ब्लू मून’ही त्यांचेच.

दोघांचे स्वभाव दोन टोकांचे. रॉजर्स शिस्तीचे, वेळेचे पक्के. हार्ट वेळेवर सापडत नसत. मद्याचे व्यसन जडलेले. रॉजर्स बहुधा आधी चाल बांधत आणि मग हार्ट यांना बसवून तिच्यावर शब्द लिहून घेत. हार्ट लिहायला बसले की मात्र भराभर लिहीत. दोन-तीन शब्दांची चमकदार यमके जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

हार्ट यांची उंची जेमतेम पाच फूट होती. आपण दिसायला चांगले नाही, आपल्यावर कोणी प्रेम करणार नाही, हा न्यूनगंड त्यांना आयुष्यभर पुरला. ते समलैंगिक होते, पण त्या काळात हे उघडपणे सांगण्याची सोय नव्हती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. लग्न केले नाही, आयुष्याचा मोठा काळ आईसोबत काढला. १९४३ मध्ये आई गेली आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला न्यूमोनियाने हार्ट यांचाही मृत्यू झाला. वय ४८.

हे गाणे त्यांनी स्वत:विषयी लिहिले असे म्हणण्याला आधार नाही. ते बिलीचे गाणे आहे आणि व्हॅलसाठी आहे. पण ‘दिसायला यथातथा असलेल्या माणसावर कोणी तरी मनापासून प्रेम करते आणि त्याला तसाच राहा म्हणते’ ही कल्पना या लेखणीतून उतरावी, याला अर्थ आहे. जे वाक्य ऐकायला मिळावे असे एखाद्याला जन्मभर वाटते, ते तो दुसऱ्याच्या तोंडी घालू शकतो.

चालीत एवढे काय आहे?

ऐकणाऱ्याला वाटते की चाल फार साधी आहे. ती खरेच साधी आहे. शीर्षकातल्या सहा अक्षरांना रॉजर्स यांनी तीनच स्वर दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, रे, कोमल ग, पुन्हा रे, कोमल ग, रे. एखाद्याने बोलायला सुरुवात करावी आणि शब्द न सुचून तिथेच घुटमळावे तशी ही सुरुवात आहे. पुढच्या ओळीला पुन्हा तेच स्वर.

पण वर चाल जागच्या जागी फिरत असताना खाली वेगळेच चाललेले असते. साथीतला सर्वांत खालचा सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जातो. म्हणजे गायक स्थिर आणि त्याच्या पायाखालची पायरी मात्र दर वेळी एकेक खाली. त्यामुळे तेच तीन स्वर दर वेळी वेगळ्या रंगाचे वाटतात. शब्द गमतीत चालले आहेत आणि मन आतून खचत आहे, असा भास त्यातून तयार होतो. शब्दांत हसू आणि सुरांत हुरहुर हे जे या गाण्याविषयी नेहमी म्हटले जाते, त्याचे तांत्रिक कारण हे.

गाणे सुरू होते मायनरमध्ये. पाश्चात्त्य कानांना हा उदास रंग वाटतो. दुसऱ्या भागात तीच आकृती वरच्या स्वरांवरून येते. मधल्या भागात, जिथे बांधा आणि बुद्धी यांच्याविषयीचे प्रश्न एकापाठोपाठ येतात, तिथे चाल मेजरच्या उजेडात जाते. म्हणजे चेष्टा सर्वांत तिखट असते तिथे संगीत सर्वांत मवाळ. त्यानंतर पहिली चाल परत येते आणि बदलू नकोस, जाऊ नकोस अशी विनवणी सुरू होते. याच विनवणीत चाल तिच्या सर्वांत उंच स्वरावर जाते. इतका वेळ तीन-चार स्वरांत घुटमळलेली व्यक्ती पहिल्यांदाच मोकळेपणाने हाक मारते.

त्या काळची बहुतेक ब्रॉडवे गीते ३२ बारच्या, म्हणजे ३२ आवर्तनांच्या साच्यात बसत. हे गाणे ३६ बारचे आहे. रॉजर्स यांनी शेवटच्या भागाला चार बार जास्त दिले. ते वाढीव चार बार कशासाठी? विनवणीनंतर श्वास घेण्यासाठी आणि सणाचा एक दिवस रोजच्या जगण्यात आणून सोडण्यासाठी. तिथे गाणे मायनरमधून बाहेर पडून मेजरवर थांबते. पण हा आनंद ठाम नाही. गायकाने मनात आणले तर तो शेवट समाधानाचा वाटतो आणि मनात आणले तर फक्त आशेचा.

मग ते लगेच गाजले का?

नाही. ‘बेब्ज इन आर्म्स’ची इतर गाणी, उदाहरणार्थ ‘व्हेअर ऑर व्हेन’ किंवा ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’, लोकांच्या ओठांवर आधी आली. १९३९ मध्ये या नाटकावर मिकी रूनी आणि ज्युडी गारलँड यांचा चित्रपट निघाला तेव्हा नाटकातली बहुतेक गाणी वगळण्यात आली. त्यात हेही होते. १९४५ मध्ये हॅल मॅकिन्टायर यांच्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका काही काळ चालली, एवढेच.

पुढचे वळण तंत्रज्ञानामुळे आले. १९३७ च्या ब्रॉडवेवर गायक साधारणपणे ध्वनिवर्धकाविना गात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तर कुजबुजून भागत नसे. हे गाणे मात्र कानाशी बोलण्याचे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या मायक्रोफोनने ती सोय करून दिली. १९४८ मध्ये लाँग प्ले रेकॉर्ड बाजारात आली. एकामागून एक संथ गाणी एकाच मन:स्थितीत ऐकण्याची सवय श्रोत्यांना लागली. गाणे थिएटरमधून दिवाणखान्यात आले आणि मग त्याचे दिवस पालटले.

चेट बेकर आणि सिनात्रा यांनी काय केले?

१९५२ मध्ये सॅक्सोफोन वादक जेरी मलिगन यांच्या चौकडीने हे गाणे शब्दांविना ध्वनिमुद्रित केले. या चौकडीत पियानो नव्हता. ट्रम्पेटवर होते विशीतले चेट बेकर. पियानोचा भरणा नसल्यामुळे चालीभोवती मोकळी जागा राहिली आणि खाली उतरत जाणारा तो सूर स्पष्ट ऐकू आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१५ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत या मुद्रणाचा समावेश केला.

१९५४ मध्ये बेकर यांनी तेच गाणे गायले. आवाज सपाट, हलका, जवळजवळ कंप नसलेला. हा पुरुषी आवाज आहे की बायकी असा प्रश्न पडावा इतका कोवळा. काही समीक्षकांनी या गायकीवर टीका केली. पण नाटकी उमाळा काढून टाकल्यावर हे शब्द किती खरे वाटतात हे त्या मुद्रणाने दाखवले. पुढे बेकर यांचे आयुष्य अमली पदार्थांच्या व्यसनाने पोखरले. मारहाणीत दात गेले, ट्रम्पेट नव्याने शिकावे लागले. देखणा चेहरा सुरकुत्यांनी भरून गेला. १९८८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. शेवटच्या वर्षांपर्यंत ते हे गाणे सादर करत होते. बदलू नकोस ही विनवणी तरुणपणीच्या आणि म्हातारपणीच्या चेट बेकर यांच्याकडून लागोपाठ ऐकली तर एकाच गाण्याचे दोन अर्थ कळतात.

फ्रँक सिनात्रा यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये हे गाणे मुद्रित केले. ‘साँग्ज फॉर यंग लव्हर्स’ या रेकॉर्डची सुरुवातच त्याने होते. तेव्हा सिनात्रा ३७ वर्षांचे होते, कारकीर्द घसरणीतून नुकती सावरू लागली होती आणि ॲव्हा गार्डनर यांच्याशी झालेले लग्न मोडकळीस आले होते. त्यांच्या आवाजात हे गाणे पोरवयाचे राहिले नाही. जगून, हरून आलेल्या माणसाचे झाले. एला फिट्झजेरल्ड यांनी १९५६ मध्ये रॉजर्स-हार्ट यांच्या गाण्यांचा स्वतंत्र संग्रह केला, त्यातही ते आहे.

पुरुष गायकांना ते कसे चालले?

याचे उत्तर एका गाळलेल्या भागात आहे. मूळ गाण्याच्या सुरुवातीला एक प्रस्तावना आहे, मुद्दाम जुन्या, ग्रांथिक इंग्रजीत लिहिलेली. आपल्याकडे एखाद्याने गमतीने पोथीतल्या भाषेत बोलावे तशी. त्यात हे वर्णन एका पुरुषाचे आहे हे स्पष्ट होते. बहुतेक गायक ही प्रस्तावना वगळतात. ती वगळली की उरलेल्या गाण्यात स्त्री-पुरुष असा उल्लेखच राहत नाही. मग ते कोणीही कोणालाही उद्देशून गाऊ शकते.

हीच गोष्ट शब्दांविना वाजवणाऱ्यांनाही सोयीची ठरली. आपल्याकडे नाट्यपदांचे असेच झाले. मूळ नाटक न पाहिलेले, कथानकही ठाऊक नसलेले रसिक मैफलीत त्या पदांना दाद देतात. पद नाटकातून सुटते आणि गवयाचे होते. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ नाटकातून असेच सुटले आणि जॅझ वादकांचे झाले.

माइल्स डेव्हिस यांच्या मुद्रणाचे एवढे महत्त्व का?

ट्रम्पेट वादक माइल्स डेव्हिस यांनी १९५६ मध्ये हे गाणे मुद्रित केले होते. पण ज्याची चर्चा आजही होते ते वादन १२ फेब्रुवारी १९६४ चे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉलमध्ये झालेला हा कार्यक्रम मिसिसिपी आणि लुइझियाना या राज्यांत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी व्हावी यासाठी निधी उभारण्याकरिता होता. या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नाव घालायला गेल्यावर धमक्या, मारहाण, नोकरीवरून काढून टाकणे यांना तोंड द्यावे लागे. वादकांनी मानधन घेऊ नये असे डेव्हिस यांनी ठरवले आणि त्यावरून रंगमंचामागे तणावही होता.

पियानोवर हर्बी हॅन्कॉक, बासवर रॉन कार्टर, सॅक्सोफोनवर जॉर्ज कोलमन आणि ड्रमवर अवघे १८ वर्षांचे टोनी विल्यम्स. सुमारे १५ मिनिटांच्या या वादनात डेव्हिस मूळ चालीचे पहिले काही स्वर वाजवतात आणि मग चाल सोडून देतात. लय कधी थांबल्यासारखी होते, कधी अचानक दुप्पट होते. चाल श्रोत्यांना ठाऊक आहे या भरवशावर ती न वाजवताच ऐकवली जाते. ख्यालाची बंदिश ठाऊक असणाऱ्याला विस्तारात तिची सावली दिसत राहावी तसे.

ज्या गाण्याचे म्हणणे ‘तू आहेस तसा मला हवा आहेस’ एवढेच, ते गाणे माणसाला माणूस म्हणून मोजा अशी मागणी करणाऱ्या चळवळीच्या मदतीसाठी वाजले. हा योगायोगच म्हणायचा. पण १९३७ च्या नाटकाकडे पाहिले तर तो अगदीच परका वाटत नाही. त्या नाटकातही कृष्णवर्णीय मुलांना रंगमंचावर येऊ न देण्याचा प्रसंग होता आणि फेयार्ड व हॅरॉल्ड निकोलस हे कृष्णवर्णीय नर्तक बंधू मूळ संचात होते. पुढे १९५९ मध्ये संहिता नव्याने लिहिली गेली तेव्हा नाटकातला असा राजकीय भाग काढून टाकण्यात आला.

आजच्या कानांना ही चेष्टा खटकत नाही का?

खटकते, काहींना नक्कीच. दिसण्यावरून, अंगावरून बोलणे हा विनोद नव्हे, असे मानणारी पिढी आता ऐकणारी आहे. एखाद्या पुरुषाने स्त्रीला उद्देशून हे शब्द गायले की प्रश्न आणखी टोकदार होतो. बाईच्या दिसण्यावर शेरा मारणे आणि वर ‘तरीही मी तुझ्यावर प्रेम करतो’ म्हणणे, यात उपकाराची भाषा येते. मूळ नाटकात एक मुलगी एका मुलाविषयी बोलत होती. तिथे हा तोल वेगळा होता.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर गाण्यात चेष्टेला अट नाही. बारीक हो, नीट बोलायला शीक, मग बघू, असे ते म्हणत नाही. उलट केसाचाही बदल नको असे सांगते. सुधारणेची मागणी नसलेली चेष्टा घरच्या माणसांतच होते. आजी नातवाला ‘माकडा’ म्हणते तेव्हा ती त्याच्या रूपाचे परीक्षण करत नसते. पण हेही खरे की तेच शब्द परक्याच्या तोंडून आले तर अपमान होतो. म्हणून या गाण्यात सगळे गाणाऱ्यावर अवलंबून असते. आवाजात माया नसेल तर उरते फक्त व्हिनेगर.

‘द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली’ या १९९९ च्या चित्रपटाने ही दुसरी बाजू अचूक पकडली. मॅट डेमन यांनी साकारलेला टॉम रिप्ली हा दुसऱ्याचे आयुष्य चोरू पाहणारा तरुण. श्रीमंत डिकीच्या जवळ जाण्यासाठी तो जॅझ शिकतो आणि चेट बेकर यांच्या ढंगात हे गाणे गातो. आहेस तसाच राहा असे सांगणारे गाणे, जो स्वत: आहे तसा राहायला तयार नाही अशा माणसाच्या तोंडी. डेमन यांनी ते स्वत:च्या आवाजात गायले आहे.

मुंबई आणि गोव्याशी नाते कसे?

या एका गाण्याचे नव्हे, पण ज्या परंपरेतून ते आले तिचे नाते जुने आहे. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ आणि नृत्यसंगीताचे बँड वाजत. त्यात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवले जाई. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या गाण्यांचे छापील कागद समोर ठेवून ते सहज वाजवत. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे ट्रम्पेट वादक त्यांतले गाजलेले नाव. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे अनेक जण पुढे हिंदी चित्रपटसंगीतात वादक आणि संगीत संयोजक झाले. जुन्या हिंदी गाण्यांतल्या ट्रम्पेटमध्ये आणि सॅक्सोफोनमध्ये ब्रॉडवे आणि जॅझची जी झाक ऐकू येते, तिचा एक उगम इथे आहे.

मग हे गाणे टिकते कशामुळे?

पहिले कारण रचनेचे. चाल इतकी थोड्या स्वरांत आहे की नवशिक्यालाही लक्षात राहते आणि तिच्याखालचे सूर इतके सरकते आहेत की मुरलेल्या वादकाला दर वेळी नवी वाट सापडते. दुसरे कारण शब्दांचे. त्यात काळाचे, गावाचे, मोटारीचे, कपड्याचे नाव नाही. जुने होईल असे फारसे काही त्यात नाहीच. तिसरे कारण स्वातंत्र्याचे. हे गाणे आनंदाचे की दु:खाचे, याचा निवाडा रॉजर्स-हार्ट यांनी केला नाही. तो प्रत्येक गायकाला करावा लागतो. म्हणून १९७९ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलो यांच्यासारख्या नव्या धाटणीच्या रॉक गायकालाही ते गावेसे वाटले.

चौथे कारण ऐकणाऱ्याचे. सुंदर माणसांसाठी लिहिलेली प्रेमगीते ढीगभर आहेत. पण आरशासमोर उभे राहिल्यावर ती आपल्याविषयी आहेत असे फार थोड्यांना वाटते. हे गाणे बाकीच्यांसाठी आहे. फोटो टाकण्याआधी तो दहा वेळा सुधारून घेणाऱ्या आजच्या काळात, फोटोत चांगला न दिसणारा चेहराही कोणाचा तरी लाडका असतो, हे सांगणारे गाणे लागावे यात नवल नाही.

अमेरिकी कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांचे स्वामित्वहक्क ९५ वर्षांनी संपतात. त्यामुळे १ जानेवारी २०३३ रोजी हे गाणे तिथे सर्वांसाठी खुले होईल. त्यानंतर कोणालाही परवानगी न घेता, मानधन न देता ते गाता, वाजवता, बदलता येईल. अर्थात एका केसाचाही बदल नको म्हणणाऱ्या या गाण्याला लोकांनी आजवर बदलत बदलतच जिवंत ठेवले आहे.